नमस्कार करायचा असतो, मागायचा नसतो

॥ श्री गुरवे नमः ॥

जय गुरुदेव. सर्व गुरुबंधू-भगिनींना, थोरामोठ्यांना आणि बालगोपाळांना सप्रेम नमस्कार 🙏

आता हे वरचं 'सप्रेम नमस्कार' आणि शेजारचे जोडलेले हात रोज सकाळी आपल्या ग्रुपवर किती येतात ते आपण सगळेच बघतो. चहा गॅसवर असतो, एका हाताने दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी करत असतो, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आपण जोडलेले दोन हात पाठवतो. गंमतच आहे नाही? हात जोडायला दोन्ही हात रिकामे लागतात, आणि आपण ते एका अंगठ्यावर भागवतो! पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. नमस्कार नक्की कशाने होतो, हा प्रश्न आमच्या घरात मे महिन्यात असा काही उभा राहिला, की तो गुरुवारच्या मंडळापर्यंत गेला. त्याबद्दलच या वेळी लिहायचं ठरलं. लिहिणारा हात एकीचा असला तरी विचार सगळ्यांचा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. आणि घरची गोष्ट सूनबाईंची परवानगी घेऊनच सांगतो आहोत.

धाकट्या दिरांच्या मुलाची मुंज होती, इथे इंदूरलाच. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, सगळीकडची माणसं आली होती. मातृभोजन झालं, बटूला भिक्षावळ झाली, आणि मग आपल्याकडे होतो तसा नमस्कारांचा कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी बसलेली आणि एकेक जण वाकत पुढे चाललेला. त्यात यजमानांच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ होते. आमच्या सूनबाई त्यांच्यापाशी आल्या, दोन पावलं अलीकडेच थांबल्या, हात जोडले, मान लववली आणि पुढे निघाल्या. ते मोठ्याने म्हणाले, "इंदूरकरांकडे वाकायची पद्धत बंद झाली वाटतं!" आजूबाजूचे हसले. आमचा चेहरा उतरला. चाळीस माणसांच्या देखत आम्ही सूनबाईंना म्हणालो, "अगं, वाक ना."

ती वाकली. काही बोलली नाही.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात उरलेले लाडू डब्यात भरता भरता ती म्हणाली, "आई, रागावू नका, पण एक विचारते. मघाशी माझं डोकं खाली गेलं, मी नाही गेले. असा नमस्कार देवाला पोहोचतो का?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. कारण ती का थांबली होती ते आम्हाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात याच गृहस्थांनी मानपानावरून तिच्या वडिलांना भर मांडवात नको ते ऐकवलं होतं. आणि आम्ही, मुलाकडची माणसं, कार्य निर्विघ्न पार पडावं म्हणून गप्प बसलो होतो.

पुढच्या गुरुवारी नामस्मरणानंतर हा विषय मंडळात काढला. नाव-गाव न सांगता काढला, पण बायकाच त्या, काय ते समजल्या. एक काकू म्हणाल्या, "भाव नंतर येतो, आधी सवय लागते. आपण लहान मुलाला 'जय कर, जय कर' म्हणतो तेव्हा त्याला कुठे कळत असतं? हात जोडता जोडताच कळायला लागतं. नाम तरी पहिल्या दिवशी कुठे मनापासून येतं?" दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, "मनात नसताना वाकायचं म्हणजे नाटक झालं. त्यापेक्षा न केलेला बरा." आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजी बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवाळीत किती जणांना वाकले त्याची मोजदाद नाही. पाठ धरली. पण एकानेही विचारलं नाही, की बाई, कुणाला केलास आणि का केलास."

तिघींचंही खरं वाटत होतं. म्हणून जरा मुळाशी जाऊन बघायचं ठरवलं.

'नम्' या धातूचा अर्थ वाकणं, लवणं. कीर्तनकार 'नमः'ची फोड 'न मम' अशीही करून सांगतात. व्याकरणात ती बसत नसेल, पण भावात अगदी बसते. यज्ञात आहुती टाकतानाही 'इदं न मम' म्हणतात, म्हणजे हे आता माझं नाही. नवविधा भक्तीत वंदन ही सहावी भक्ती. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातला सहावा समास पूर्ण तिलाच दिलाय. त्यात ते सांगतात, की नमस्काराला काही खर्च लागत नाही, साहित्य लागत नाही, कष्टही फारसे नाहीत, आणि तरी त्याने माणसाच्या अंगी लीनता येते. म्हणजे गरिबातल्या गरिबालाही करता येईल अशी ही पूजा. फुलं नाहीत, नैवेद्य नाही. वाहायची ती एकच वस्तू, आपला 'मी'.

हातांकडेच बघा ना. उभा दिवस हे हात काही ना काही करत असतात. घेतात, देतात, ढकलतात, धरून ठेवतात. कधी रागाने उगारतातही. ते एकमेकांना टेकले की यातलं काहीच करता येत नाही. जोडलेल्या हातांनी कुणाला मारता येत नाही आणि कुणाकडून काही ओढूनही घेता येत नाही. तेवढा वेळ आपण समोरच्यापुढे अगदी निःशस्त्र असतो.

आता साष्टांग नमस्कार. आपल्यात बायका साष्टांग घालत नाहीत, पंचांग घालतात, पण अर्थ सगळ्यांसाठी सारखाच. त्यातली आठ अंगं कोणती? छाती, मस्तक, हात, पाय, गुडघे ही पाच शरीराची. उरलेली तीन म्हणजे दृष्टी, वाणी आणि मन. आम्ही सूनबाईंना "वाक" म्हणालो तेव्हा आमचा हुकूम कुठवर चालला? मस्तक, हात, गुडघे, फार तर इथवर. दृष्टी जमिनीवर नेता येईल, पण ती काय बघते आहे ते आपल्या हातात नाही. मनाला तर ब्रह्मदेवाने सांगितलं तरी ते वाकत नाही. म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेला नमस्कार कधी पुरा होऊच शकत नाही. ज्या अंगांसाठी तो करायचा, नेमकी तीच बाहेर उभी राहतात.

आणि गंमत अशी, की ज्या मांडवात हे घडलं तिथेच सकाळी गुरुजींनी बटूला अभिवादन शिकवलं होतं. बटू आपलं गोत्र, प्रवर, नाव उच्चारून म्हणतो, की मी अमुक आपल्याला अभिवादन करतो. स्वतःचं नाव घेऊन करायची ही गोष्ट. दुसऱ्याच्या नावाने तिसऱ्याने करायला लावायची नव्हे. आठ वर्षांच्या मुलाला आम्ही हे शिकवलं आणि दुपारपर्यंत स्वतःच विसरलो.

मग त्या काकू म्हणत होत्या ते चूक का? नाही. भाव नसताना केलेला प्रत्येक नमस्कार खोटा नसतो. कधी कधी मन ताठ असतं, आणि आपणच आपल्या मनाला म्हणतो, चल, वाक आता. जावेशी भांडण झालेलं असतं, सणाला तिच्या घरी जायचं असतं, मन म्हणतं नको. आपण जातो, वाकतो, आणि वाकताना राग थोडा तरी निवळतो. हा अभ्यास आहे. नामासारखाच. पण इथे आपल्या 'मी'ला वाकवणारे आपणच असतो. कुणीतरी आपली मान धरून वाकवणं ही निराळी गोष्ट. पहिल्यात एक अहंकार उतरतो. दुसऱ्यात वाकणाऱ्याचा उतरत नाही, तो नुसता आत दबून बसतो, आणि वाकवणाऱ्याचा मात्र चढतो. मग परमार्थाच्या हिशोबात जमा काय झालं?

यावर एका ताईंनी महाभारतातला प्रसंग काढला. भीष्मपर्वात युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्रं खाली ठेवतो, रथातून उतरतो आणि हात जोडून, एक शब्द न बोलता, पायी शत्रूच्या सैन्याकडे चालू लागतो. भाऊ घाबरतात, मागे धावतात. कौरवांचे सैनिक म्हणतात, भ्याला हा. फक्त श्रीकृष्णांना कळतं, की हा वडीलधाऱ्यांची आज्ञा घ्यायला निघालाय. तो भीष्मांचे पाय धरतो, मग द्रोणाचार्यांचे, कृपाचार्यांचे, शल्यांचे. ताई म्हणाल्या, "बघा, ज्यांनी द्रौपदीची विटंबना गप्प राहून बघितली त्यांनाही तो वाकला. मग आपण कोण?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. खरंच होतं. पण मग तो प्रसंग पुन्हा नीट आठवला. युधिष्ठिराला कुणी "वाक" म्हटलं नव्हतं. तो स्वतःहून गेला. आणि नमस्कार करून त्याने मागितलं काय? युद्धाची परवानगी. पाय धरले म्हणून त्याने अन्यायाला बरोबर म्हटलं नाही. नमस्कार वडीलपणाला केला, आणि लढाई चुकीशी केली. दोन्ही एकाच सकाळी. भीष्मही म्हणाले होते, की तू आला नसतास तर मी तुला शाप दिला असता. अपेक्षा त्यांनाही होतीच! पण ती त्यांनी मनात ठेवली, भर रणांगणात हाक मारून त्याला खाली वाकायला लावलं नाही. आणि तो आल्यावर त्यांनी नमस्कार नुसता ठेवून घेतला नाही, विजयाचा आशीर्वाद दिला. स्वतः विरुद्ध बाजूला उभे असताना!

इथे आम्हाला दुसरी बाजू दिसली. आपण नमस्कार करणाऱ्याला पन्नास नियम सांगतो. घेणाऱ्याला काही नियम आहेत की नाही? आहेत. मनुस्मृतीतलं पुष्कळ काही आज आपण मानत नाही, मानूही नये. पण तिच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे ती ऐकण्यासारखी आहे. ज्याला अभिवादनाला उलट प्रत्यभिवादन करता येत नाही, त्याला शहाण्याने अभिवादन करू नये, असं तिथे म्हटलंय. म्हणजे घेणाऱ्यालाही पात्रता लागते. संन्याशाला नमस्कार केला की तो 'नारायण' म्हणतो. का? आलेला नमस्कार तो स्वतःपाशी ठेवत नाही, जागच्या जागी नारायणाकडे पाठवून देतो. आपल्याकडेही पादुकांना नमस्कार असतो तो याचसाठी. माणूस दिसतो, पण नमस्कार त्याच्यापाशी थांबत नाही.

वारीत तर हे फार सुंदर दिसतं. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण, वयाने मोठा कोण, कुठल्या जातीचा, हा प्रश्नच नाही. सत्तर वर्षांचे आजोबा वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतात आणि 'माउली' म्हणतात. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान उद्धवाला सांगतात, की आपलीच माणसं हसतील याची पर्वा सोड, देहाची लाज सोड, आणि कुत्रा, गाय, गाढव, समाजाने लांब ठेवलेला माणूस, सगळ्यांपुढे जमिनीवर दंडवत घाल. याच स्कंधावर नाथांनी काशीत १५७३ साली एकनाथी भागवत पूर्ण केलं. विचार करा, त्या काळच्या काशीत बसून! म्हणजे भक्तीतला नमस्कार फक्त खालून वर जात नाही. तो सगळीकडे जातो.

'आपली माणसं हसतील' या शब्दांशी आम्ही अडखळलो. मुंजीत आम्ही नेमक्या कशाला घाबरलो होतो? धर्म बुडेल म्हणून नव्हे. माणसं हसली म्हणून. २०२० साली कोरोनात कुणी कुणाच्या पायाला हात लावत नव्हतं. सगळे दुरून हात जोडायचे, आणि आदर कमी झाला असं एकानेही म्हटलं नाही. मग सूनबाईंनी दुरून जोडलेले हात आम्हाला का पुरले नाहीत? तिने नमस्कार टाळला नव्हता. तिच्या मनाला जेवढा खरा करता येत होता तेवढा केला होता. तो खरा नमस्कार आम्ही मोडला आणि त्या जागी खोटा करवून घेतला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री डोक्यातून जाईना. लग्नात कन्यादानाच्या वेळी तिच्या वडिलांनी आमच्या मुलाचे पाय धुतले होते. त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान मुलाचे. विष्णुस्वरूप मानून. आपल्या परंपरेत मोठ्यांनी लहानांपुढे वाकण्याची जागा आहे ती ही अशी. ज्या माणसाने आमच्या घरापुढे इतका वाकून नमस्कार केला, त्याला त्याच मांडवात बोल लावले गेले आणि आम्ही प्रत्यभिवादन केलं नाही. नमस्काराचं देणं सूनबाईंकडे नव्हतंच. ते आमच्याकडे होतं, तीन वर्षं थकलेलं.

मग एका रविवारी आम्ही दोघं देवासला तिच्या माहेरी गेलो. आधी फोन केला तो नुसता 'येतो' म्हणून. जाताना गाडीत काय बोलायचं ते ठरवत होतो. दारात पोचलो तर व्याही नेहमीसारखे हात जोडून उभे. मुलीकडची माणसं जशी उभी राहतात ना, जरा खांदे पाडून, तसे. यजमानांनी पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, "त्या दिवशी मांडवात आम्ही बोलायला हवं होतं. बोललो नाही. चुकलं आमचं." विहीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. व्याही थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बसा. पोहे होतायत." एवढंच. पण परतताना ते आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले, तेव्हा त्यांचे खांदे सरळ होते.

सूनबाईंना आम्ही घरी येऊन सांगितलं. ती काही म्हणाली नाही, फक्त रात्री जेवताना आमच्या पानात न विचारता दुसरी पोळी वाढली. ज्यांच्या घरी सून आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

आता तुम्ही विचाराल, त्या वडीलधाऱ्यांचं काय? काही नाही. ते जसे होते तसे आहेत. आमच्या यजमानांनी त्यांना एकदा शांतपणे सांगितलं, की लग्नातलं ते बोलणं बरोबर नव्हतं. त्यांना ते आवडलं नाही. पुढच्या सणाला आले तेव्हा आम्ही त्यांना वाकून नमस्कार केला, मनापासून केला, कारण वयाने ते मोठे आहेत आणि आम्हाला त्यांच्याशी वैर नको आहे. सूनबाईंनी पूर्वीसारखेच दोन पावलांवरून हात जोडले. कुणी काही बोललं नाही. उद्या तिचं मन निवळलं तर ती दोन पावलं पुढे जाईल. नाही निवळलं तर नाही जाणार. ते अंतर तिचं आहे आणि तिच्या गुरूचं आहे. आम्ही मध्ये पडणार नाही.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर? असा नमस्कार देवाला पोहोचतो का? आम्हाला जेवढं समजलं तेवढं सांगतो. देवाला पोहोचतो तो नमस्कार नव्हे, नमस्कारात आपण जे सोडतो ते. तिने त्या दिवशी काहीच सोडलं नव्हतं, तिच्याकडून हिसकावून घेतलं गेलं होतं. पण सगळ्यांपुढे उलट उत्तर न देता, संध्याकाळी एकांतात तिने जो प्रश्न विचारला, तो मात्र पोहोचला असणार. गीतेत भगवंतांनी ज्ञानासाठी प्रणिपाताबरोबर परिप्रश्न आणि सेवाही सांगितली आहे. नमस्काराच्या शेजारी प्रश्नाला जागा त्यांनीच ठेवली.

*या आठवड्याचा अभ्यास* (मंडळाने मिळून ठरवलेला):

१. लहान मुलांची मान धरून त्यांना वाकवायचं नाही. आपण त्यांच्या समोर करायचा, ती बघून करतील. नाही केला तर चारचौघांत बोलायचं नाही.

२. आपल्याला कुणी नमस्कार केला की मोबाईल बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे बघायचं, मनात सद्गुरूंचं नाव घेऊन तो पुढे पाठवायचा आणि तोंडाने आशीर्वाद द्यायचा. नुसतं "हूं, असू दे, असू दे" नको.

३. रोज एक नमस्कार अशा माणसाला, ज्याला आपण कधीच केला नाही. भांडी घासणाऱ्या ताई, कचरागाडीवरचे दादा, सून, जावई, धाकटी जाऊ. हात जोडायला अवघडल्यासारखं झालं तर मनात तरी.

४. ज्याचं नमस्काराचं देणं आपल्याकडे थकलं आहे असा एक माणूस आठवायचा. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि सकाळी ग्रुपवर जोडलेले हात पाठवायला आमची हरकत नाही, आम्हीही पाठवतो! फक्त पाठवण्याआधी एकदा फोन ओट्यावर ठेवून खरे हात जोडून बघा. गॅस बारीक करा आधी, दूध उतू जाईल.

लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. जे चांगलं वाटेल ते गुरुकृपेचं, चुकलं ते आमचं.

जय गुरुदेव 🙏

— गुरुवार भगिनी मंडळाच्या सेवेकरी, इंदूर